दारापुढची मोरी बांधण्याआधी

बाई, रस्त्याच्या कडेचा तुकडा घेतलास, जोत्याची आखणी झाली, फार बरं वाटलं. पण काल फोनवर तू सहज बोलून गेलीस की फाटकापुढच्या नालीत मिस्त्री नऊ इंची दोन पाईप टाकून देणार आहे, वर मुरूम दाबला की ट्रॅक्टर थेट आत. पाईप त्याच्याकडे पडलेलेच आहेत म्हणे, स्वस्तात काम होईल. तेव्हापासून माझ्या मनात तेच चाललंय. ते पाईप टाकू देऊ नकोस. घराला रंग कोणता द्यायचा ते नंतर बोलू, आधी या नालीचं ऐक.

आपण दोघी माहेरच्या तुमसरकडच्या. मी आधी इकडे आले, आता तू. बोली तीच, धान तेच, सणवार तेच, म्हणून वाटतं की कायदाही तोच असेल. तसं नाही. तिकडे महाराष्ट्रात शेतातल्या पाण्याची वाट कोणी अडवली तर 1906 च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली सहा महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे दावा घालता येतो, आपल्या बाबांच्या तोंडी तेच असायचं. आता आपण दोघी राहतो ते रामपायली मध्यप्रदेशात. इथे 1959 ची मध्यप्रदेश भू-राजस्व संहिता चालते, तिची कलमं वेगळी, अर्ज हिंदीत. सीमेवरच्या माणसाला हे कळेपर्यंत एखादा पावसाळा निघून जातो.

पहिली गोष्ट अशी की तुझ्या दारापुढची नाली तुझी नाही. तुझ्या कुंपणाला लागून आहे, तुझ्या अंगणातून उडी मारून ती ओलांडतेस, तिच्यातलं गवत तूच काढशील, तरी ती रस्त्याचा भाग आहे. रस्ता ज्याचा, नाली त्याची. म्हणून आधी रस्ता कोणाचा ते शोध. गावातली गल्ली असेल तर पंचायतीची. गावाबाहेरचा डांबरी रस्ता प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेतला असू शकतो. ही योजना 25 डिसेंबर 2000 ला सुरू झाली, आणि आपल्या राज्यात तिचं काम ग्रामीण सडक विकास प्राधिकरणाकडे आहे. अशा रस्त्याच्या तोंडाशी फलक असतो. त्यावर रस्त्याची लांबी, ठेकेदार, काम पुरं झाल्याची तारीख आणि पाच वर्षांच्या देखभालीची मुदत लिहिलेली असते. तो फलक मोबाईलवर टिपून ठेव, पुढे कामी येतो, कारण त्या पाच वर्षांत खचलेली कड आणि बुजलेली मोरी ठेकेदारानेच नीट करायची असते. वारासिवनीकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्यासारखा रस्ता असेल तर बांधकाम विभागाची कचेरी गाठावी लागेल. ज्याचा रस्ता त्याच्याकडून लेखी परवानगी घ्यायची, तोंडी नाही. सरपंचांनी हो म्हटलं, सचिव हसून मान हलवून गेले, याला कागद म्हणत नाहीत. पुढच्या निवडणुकीत सरपंच बदलले की तुझी मोरी एका दिवसात अतिक्रमण ठरते, आणि ती फोडायचा खर्चही तुझ्याच माथी.

आता पाईपाचं. यावर मी जरा जास्त बोलणार, कारण सगळी भांडणं इथूनच सुरू होतात.

बालाघाट जिल्ह्यात पाऊस थोडाथोडका नाही, वर्षाला चौदाशे-पंधराशे मिलिमीटर, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. एखाद्या दुपारी दोन तासांत पन्नास मिलिमीटर पडणं आपल्याकडे नवलाचं नाही. एका एकरावर पन्नास मिलिमीटर म्हणजे दोन लाख लिटर पाणी. गावात येणारे ते पाच हजार लिटरचे टँकर मोज, चाळीस टँकर झाले, एका एकराचे. तुझ्या घराच्या वरच्या अंगाला दहाएक एकर तरी उतार आहे. निम्मं पाणी बांध्यांत अडलं, मुरलं असं धरलं तरी दोन तासांत दहा लाख लिटर त्या नालीतून जायचं आहे. सेकंदाला जवळजवळ एकशे चाळीस लिटर. साधारण उतारावर, म्हणजे दोनशे फुटांत एक फूट, नऊ इंची एक पाईप काठोकाठ भरून वाहिला तरी तीस-बत्तीस लिटरच पुढे नेतो. दोन टाकले तरी साठ-पासष्ट. उरलेलं कुठे जाईल? रस्त्यावर, नाहीतर तुझ्या वरच्या शेजारणीच्या स्वयंपाकघरात. आणि हा हिशेब नव्या, मोकळ्या पाईपाचा. एक पोतं, दोन नारळाच्या करवंट्या, थोडा पालापाचोळा अडकला की तेवढंही नाही.

त्याच उतारावर दोन फुटी, म्हणजे सहाशे मिलिमीटरचा एकच पाईप चारशे लिटरच्या वर नेतो. व्यास दुप्पट केला तर पाणी दुप्पट नाही, सहापटीहून जास्त जातं. दोन लहान घेण्यापेक्षा एक मोठा घ्यायचा तो यासाठी. शिवाय दोन फुटी पाईपात बांबू घालून गाळ ओढता येतो, नऊ इंचीत हात कोपरापर्यंत जाऊन अडतो.

दुकानात पाईपावर शिक्का बघ. एनपी दोन, एनपी तीन, एनपी चार असे दर्जे असतात. भारतीय मानक 458 मधली ही विभागणी आहे. एनपी दोन हलक्या वर्दळीचा, तीन मध्यम, चार जड गाड्यांसाठी. धानाची पोती भरलेली ट्रॉली दिवाळीनंतर रोज आत येणार असेल तर एनपी तीनच्या खाली येऊ नकोस. हे सिमेंटचे पाईप फिरत्या साच्यात घडवायची युक्ती वॉल्टर ह्यूम नावाच्या ऑस्ट्रेलियन माणसाची, म्हणून ते ह्यूम पाईप. आपल्या देशात त्यांचा कारखाना उभा केला तो सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी, 1926 मध्ये. मला ही माहिती आवडते, म्हणून सांगितली. गावोगावच्या मोऱ्यांखाली सोलापूरच्या एका माणसाची उद्यमशीलता आहे.

पाईपावर निदान दोन फूट माती-मुरमाचा थर लागतो, नाहीतर चाकाचा भार थेट पाईपावर येऊन तो तडकतो. तुझ्यापुढची नाली उथळ असेल तर एवढा थर बसणारच नाही, बसवलास तर फाटक रस्त्यापेक्षा उंच होईल. मग पाईपाचा हट्ट सोड. दोन बाजूंना छोट्या भिंती, वर लोखंडी सळयांचा स्लॅब, अशी मोरी कर. त्यातही एक तुकडा उचलता येईल असा ठेव, नाहीतर लोखंडी जाळी बसव. तळ मात्र नालीच्या तळाशी जुळला पाहिजे. मिस्त्री लोक घाईत पाईप चार बोटं वर ठेवतात, आणि मग वरच्या अंगाला पावसाळाभर डबकं साचतं. सात-दहा दिवस पाणी हललं नाही की त्यात डासांची पुढची पिढी तयार. आपल्या जिल्ह्याला हिवतापाचा त्रास काही नवा नाही, त्यात घरात तान्हं बाळ आहे.

आणि मोरी फाटकापुरतीच असू दे. दहा-बारा फूट पुष्कळ झाले. सगळी दर्शनी बाजू झाकून त्यावर ओटा, ओट्यावर तुळस, पलीकडे मोटारसायकल, असं पुष्कळांनी केलंय. दिसायला छान दिसतं. पण चाळीस फूट झाकलेल्या नालीत मधोमध गाळ बसला तर तो काढणार कोण आणि कसा? शेवटी जेसीबी येतो आणि ओटा, तुळस सगळं उचलतो.

आता वरच्या शेताचं पाणी. तुझे भासरे म्हणतात, कुंपणाची पक्की भिंत घालून टाकू, वरच्या बांधीचं पाणी आपल्याकडे नकोच. असं नाही करता येत. 1882 चा सुविधाधिकार कायदा आहे. तो पहिल्यांदा लागू झाला तेव्हा मुंबई इलाख्याला नव्हता, त्याला तो 1891 मध्ये मिळाला. मद्रास, कुर्ग आणि आपला मध्यप्रांत, ही त्याची मूळ हद्द. म्हणजे बालाघाट त्या कायद्याखाली पुण्या-मुंबईच्या आधीपासून आहे. त्यात स्वच्छ लिहिलंय की वरच्या जमिनीवर पडलेलं पाणी आपोआप, नैसर्गिक उताराने खालच्या जमिनीवर येत असेल तर खालच्याने ते येऊ द्यायचं. भिंत घालायची तर घाल, पण तळाशी पाण्याला खिडक्या ठेव.

मात्र वरच्यालाही हात मोकळे नाहीत, हे भासऱ्यांना आवर्जून सांग. पावसाचं पाणी पसरून येणं वेगळं, आणि त्याने ते सगळं चारीत गोळा करून नळीने तुझ्या जोत्यावर सोडणं वेगळं. आधी जे येत होतं तेवढंच तू सोसायचं. घरातलं न्हाणीचं, गोठ्याचं पाणी तर नैसर्गिक नाहीच. त्याने तसं काही केलंच, आणि तू गप्प राहून वीस वर्षं उलटली, तर मात्र त्याचा तो हक्क बनू शकतो. म्हणून पहिल्याच वर्षी जाऊन बोल. भांडायला नको जाऊस. चहाच्या वेळी जा, सोबत सासऱ्यांना ने. पूर्वी पाणी कुठून जायचं हे त्यांच्या वयाच्या माणसांना पाठ असतं, आणि दोन म्हाताऱ्यांनी धुऱ्यावर उभं राहून बोट दाखवलं की निम्मे तंटे तिथेच मिटतात.

धानाच्या मुलखात या भांडणाला दोन तोंडं असतात, हे तुला माहीतच आहे. जुलैत पावसाने ओढ दिली, पऱ्हे पिवळे पडायला लागले की जो तो मोरीचं तोंड मातीने बुजवून पाणी आपल्या बांधीत वळवतो. ऑगस्टात झड लागली की तेच तोंड उघडायला कोणी जात नाही, आणि वरच्याची रोवणी आठवडाभर बुडून कुजते. माझं म्हणणं असं की कोरड्या दिवसांत पाणी वळवायचं तर नालीत माती टाकूच नये. पोत्यांत वाळू भरून ठेवावी, संध्याकाळी उचलता येते. सार्वजनिक नाली अडवून कोणाचं नुकसान झालं तर तो नुसता शेजारधर्माचा प्रश्न राहत नाही. नव्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 326 मध्ये त्याला पाच वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. तुला भीती घालायला नाही सांगत. दिराला सांगायला सांगते, तो तापट आहे.

बोलून नाही मिटलं तर काय करायचं? इथे नीट लक्ष दे, कारण लोक चुकीच्या दारात जाऊन महिने घालवतात.

शेताला पाणी कुठून आणि कोणत्या वाटेने घ्यायचं, किंवा शेतात जायची वाट कोणती, यावर तंटा असेल तर भू-राजस्व संहितेचं कलम 131. तहसीलदार जागेवर चौकशी करतात आणि दोन गोष्टी पाहतात: आधीची वहिवाट काय होती, आणि सगळ्यांची सोय कशात आहे. निकाल झाल्यावर कोणी अडथळा घातला तर 133 खाली तो काढायला लावतात. वहिवाट सिद्ध करायला गावाचा वाजिब-उल-अर्ज बघायचा. कलम 242 प्रमाणे गावोगावच्या रूढी, पाण्याचे आणि वाटेचे हक्क त्यात उतरवून ठेवलेले असतात. पटवाऱ्याला विचार, नकलेसाठी अर्ज कर. बंदोबस्ताच्या नकाशात जिथे नाला दाखवलाय ती जागा खसऱ्यात शासनाच्या नावे असेल, आणि कोणी तिथे भिंत घातली असेल, तर मामला आणखी सोपा. ते सरकारी जमिनीवरचं अतिक्रमण, कलम 248. गावठाणात स्वामित्व योजनेचा ड्रोन नकाशा झाला असेल तर तोही माग, त्यात घर आणि रस्ता यांच्या हद्दी दिसतात.

पण गावातली सार्वजनिक नाली तुंबली, घाण पाणी दारात उभं राहिलं, तर तहसीलदाराच्या 131 चा उपयोग नाही. ते पंचायतीचं काम. पंचायत हललीच नाही तर उपविभागीय दंडाधिकारी, म्हणजे एसडीएम. त्यांना सार्वजनिक उपद्रव दूर करायचा आदेश देता येतो. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 133 होतं, 1 जुलै 2024 पासून नागरिक सुरक्षा संहितेचं 152. दोन्हीकडे 133 आकडा आल्यामुळे लोकांचा गोंधळ होतो, तू करू नकोस.

आणि पंचायतीने पैसे नाहीत म्हटलं तर रतलामचं नाव घे. रतलाम आपल्याच राज्यातलं. तिथल्या एका वस्तीत उघड्या नाल्या, दारूच्या कारखान्याचं सांडपाणी, रस्त्यावर घाण. लोक दंडाधिकाऱ्यांकडे गेले, त्यांनी नगरपालिकेला नाल्या बांधायला सांगितलं. नगरपालिका भांडत भांडत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली की आमच्याकडे पैसा नाही. जुलै 1980 मध्ये न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी निकाल दिला: पैसा नाही ही सबब चालणार नाही, लोकांच्या आरोग्याचं काम आधी, ठरल्या मुदतीत करा. ती काही मोठी माणसं नव्हती गं. रोज त्या घाणीतून चालणारे साधे रहिवासी होते. मला त्या निकालाचं फार मोल वाटतं.

कधीकधी एवढ्या लांब जावंच लागत नाही. 181 वर मुख्यमंत्री हेल्पलाईनला तक्रार नोंदव, क्रमांक लिहून ठेव. तक्रार खालच्या अधिकाऱ्याने निकाली काढली नाही तर ती वर सरकते. फक्त एक सांभाळ. काम न होता कोणी फोन करून म्हणालं की ‘ताई, तक्रार बंद करून द्या, उद्या करतो’, तर बंद करू नकोस. उद्या झालं की उद्या बंद कर.

आपल्या घरच्या पाण्याचंही थोडं. न्हाणीघराचं, भांड्याचं पाणी त्या नालीत सोडू नकोस. ती पावसासाठी आहे. उन्हाळ्यात सुद्धा ओली राहिली तर रस्त्याच्या पोटातली माती मऊ पडते आणि कड खचते. रस्त्याचा नाश पाण्याने होतो, गाड्यांनी त्यामानाने कमी. मागे परसात जागा आहे, तिथे शोषखड्डा घे, खाली मोठे दगड, वर गिट्टी, आणि विहिरीपासून लांब. केळी लाव त्याच्या बाजूला.

जोत्याची उंची मात्र अजून तुझ्या हातात आहे, म्हणून घाई करून सांगते. गावातल्या गल्ल्या सिमेंटच्या झाल्या, चांगलं झालं, चिखल गेला. पण जुना रस्ता न खोदता त्याच्यावरच नवा थर ओततात, दर वेळी रस्ता सहा-आठ इंच वर. जुन्या घरांची अंगणं आता रस्त्याच्या खाली गेलीत, पाणी पायऱ्या उतरून घरात येतं. रस्त्याच्या मधल्या उंचीपासून निदान दोन फूट वर जोतं घे. पुढे पंचायत रस्ता करायला आली की ग्रामसभेत उठून विचार: आधी खोदणार का, आणि बाजूची नाली त्याच अंदाजपत्रकात धरली आहे का? नालीशिवाय सिमेंटचा रस्ता मंजूरच करू नये, असं माझं ठाम मत आहे.

ग्रामसभेत जायला लाजू नकोस. पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत, पण नालीचा विषय निघाला की बोलतात पुरुषच, आणि पाणी कुठे साचतं हे ठाऊक असतं आपल्याला. पहाटे पाण्याला जाणाऱ्या आपण, पोरांना शाळेत सोडणाऱ्या आपण. 15 ऑगस्टच्या सभेत हा विषय काढून उपयोग नाही, तेव्हा पाणी घरात शिरलेलं असतं. 14 एप्रिलच्या सभेत काढ, म्हणजे मे महिन्यात सफाई होईल आणि मृगाच्या आधी मोऱ्यांची तोंडं मोकळी होतील. काढलेला गाळ नालीच्या काठावरच टाकून जातात, पहिल्या सरीत तो परत आत. तो उचलून नेणं हे कामात लिहून घे. चंदन नदीच्या अंगाला उतरणाऱ्या वाटांवरच्या मोऱ्या सगळ्यांत शेवटी साफ होतात, कारण तिकडे घरं कमी, पण गावाचं सगळं पाणी शेवटी तिथूनच नदीला मिळतं. तिथे तोंड बंद तर वर कितीही झाडलं तरी व्यर्थ. सफाई खालून वर करायची, एवढं सचिवाला नक्की सांग.

आता तुझा अर्ज. हिंदीत लिही, एका पानात. वर जागेचा खसरा क्रमांक किंवा घराचा क्रमांक, मग रस्त्याचं नाव, नालीची रुंदी-खोली, मोरीची लांबी बारा फूट, आतला गाळा दोन फुटांपेक्षा कमी नाही, तळ नालीच्या तळाशी, खर्च माझा, आणि रस्ता रुंद करायची वेळ आली तर काढून घेईन असं एक वाक्य. तेवढ्या एका वाक्यावर परवानगी लवकर मिळते. सोबत हाताने काढलेला नकाशा आणि नालीचे दोन फोटो, एक कोरडा, एक वाहता. वाहता फोटो आत्ताच पुढच्या सरीत काढून ठेव, उन्हाळ्यात कुठून आणशील? दोन प्रती कर. एक त्यांना दे, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख, सही आणि शिक्का घे. बाबूजी म्हणतील ठेवून जा, नंतर देतो. तिथेच बाकावर बस. सोबत डबा घेऊन जा, आणि मिस्त्रीला सांग, कागद येईपर्यंत पाईप त्याच्याच अंगणात राहू दे.